अक्षरी

सीपीआरच्या फाटकासमोर, रसवंतीला लागून
आमचं टेबल.
पेशंटच्या नातेवाइकाला दोन वेळचं जेवण, फुकट.
मी पावत्या फाडतो.
तीस वर्षं बँकेत शिक्के मारले,
हाताला रिकामं बसवत नाही.

पैसे कसे द्यायचे, विचारतात लोक.
कसेही द्या.
हुपरीचे बाळगोंडा चेक देतात पुढच्या महिन्याचा,
आणि करातून किती सुटतील ते दोनदा विचारतात.
विचारू देत. त्यांचा चेक आजवर परत आलेला नाही.
रेहाना बागवान रोख देते,
केळ्याच्या चिकाने डागाळलेली नोट,
रोज नाही, गाडा रिकामा झाला त्या दिवशी.
तालमीची पोरं एकदा मैदान मारून आली,
इनामाची पिशवी टेबलावर उपडी केली.
दुसऱ्या दिवशी त्यातलाच एक, कान सुजलेला,
शंभर रुपये परत मागायला. खुराकाला.
दिले. वहीत खाडाखोड नको
म्हणून माझ्या खिशातले.

एक गृहस्थ नाव विचारलं की म्हणायचे, 'गुप्तदान' लिहा.
आम्ही तो बोलका डबा आणला
आणि त्यांची पंचाईत झाली.
मोबाइल दाखवला की डबा ओरडतो:
पाच हजार रुपये प्राप्त झाले!
सगळी रांग वळून बघते.
आता ते भांडी घासायला पडल्यावर येतात,
डब्यावर रुमाल टाकतात,
मग पैसे सोडतात.

काल एक मुलगी आली.
शिरोलीला फौंड्रीत कामाला, नखांत काळी वाळू.
आधी एकच रुपया पाठवला.
डबा ओरडला. रांगेत कुणीतरी हसलं.
"पोचला न्हवं? मग आता ऱ्हायलेले."
सातशे साठ.

नाव लिहिलं, सारिका वडगावे.
पुढे छापलेलं असतं: ……… बद्दल.
वाढदिवस? स्मरणार्थ? देणगी लिहू?
"देणगी न्हाई ओ. देणं.
एकोणीस दिस हितं जेवलो मी, दोन्ही वेळ.
ताटाला वीस धरलं. कमी धरलं का?"

बरोबर आहे, म्हणालो.

"वर एक रुपाया, तो आपला असाच.
शेवटच्या राती ताट घेतलं
आणि वरनं हाक आली.
तसंच ऱ्हायलं बघा, झाकून.
पर ते बी धरलंय."

मी काही विचारलं नाही.
आमच्या वहीत ताटांचा आकडा असतो,
कोण कुठल्या दाराने घरी गेलं ते नसतं.
'बद्दल'ची जागा कोरी सोडली.
खाली अक्षरी लिहिलं,
रुपये सातशे एकसष्ट
आणि सवयीने पुढे 'फक्त'.

नंतर कुणी काही वाढवू नये
म्हणून लिहायचा असतो तो शब्द.
एवढंच शिकवलं होतं बँकेत.