लाभ, दोन, तीन

खाडीच्या तोंडाशी, जिथे कर्लीचं पाणी समुद्राला ढकलतं,
तिथून उचलला त्याला. केसांना धरून.
बस्त्यावनं इंजिन बंद केलं तशी होडी आडवी झाली,
आणि उलांडी पाण्यावर आपटत राहिली.

होडीत सपाट असं काही नसतं.
बसायची फळी उखडली, त्याच्या पाठीखाली सारली.
माझे गुडघे डिझेल मिसळलेल्या पाण्यात.

"पोटार दाब, पाणी काड!" बस्त्याव ओरडला.
नाही. आधी वारा.
मालवणच्या हॉलात रबरी बाहुलीवर शिकवलं होतं,
पाच फुंकरी, मग छाती.
बाहुलीच्या तोंडाला डेटॉलचा वास.
ह्याच्या तोंडात वाळू, कांदाभजी,
आणि ओठाला टोचणारी दोन दिवसांची दाढी.

आमचा सुभल्या अकरा वर्षांचा होता.
त्याला घागरीवर पालथा घालून लोळवला होता अख्ख्या वाडीनं.
पाणी पुष्कळ निघालं.
घागर अजून आहे घरात. तिच्यात कुणी भरत नाही.

तळहातावर तळहात.
लाभ, दोन, तीन, चार.
मासळी मोजताना बाप एकाला एक म्हणत नसे,
तेच तोंडात आलं.
लाट उचलते तेव्हा हात पोकळ पडतात,
लाट सोडते तेव्हा छाती आपणहून खाली जाते,
मग मी दाबलं की समुद्रानं, कळत नाही.
सतराला काहीतरी मोडलं, सुक्या चुडतासारखं.
मोडू दे, शिकवणारी बाई म्हणाली होती, बरगडी जुळते.
तीस. वाकायचं. नाक चिमटायचं. दोन फुंकरी.
परत लाभ.

बस्त्यावनं इंजिन चालू केलं होतं,
एक हात सुकाणूवर, एक गळ्यातल्या क्रुसावर.
मला आवाज ऐकूच आला नव्हता.

कितव्या तिसाला, आठवत नाही.
तो ओकला, माझ्या मांडीवर, गरम.
कुशीवर वळवला त्याला
आणि श्वास आला, विहिरीतून ओल्या दोराला
कुणी खरखरत ओढावं तसा.

जेटीवर गाडी उभी होती. कुडाळला नेला.
पुढचं कुणी कळवलं नाही.
नावसुद्धा विचारायचं राहिलं.

संध्याकाळी लिलावात बांगडे मोजतोय.
लाभ, दोन, तीन,
अठ्ठावीस, एकोणतीस, तीस,
आणि मी वाकतो.
छाती भरून घेतो. तोंड टोपलीवर.

रुजाय पदर खोचून उभी,
"फुडे मोज मरे."