काढलेल्या भागाची चिठ्ठी

सोली दुबाशांनी ते लिलावात घेतलं,
किलोच्या भावात.
पंख, चाकं, शेपूट, सगळं एकाच काट्यावर.
ट्रकवरून जुहूला आलं तेव्हा रात्रीचे अडीच,
सांताक्रूझच्या सिग्नलला हवालदाराने विचारलं म्हणे,
याचं पीयूसी आहे का?

मी आले चौथ्या महिन्यात,
उड्डाणयोग्यतेची तपासनीस,
टॉर्च, दांडीचा आरसा आणि एकेचाळीस पानी प्रश्नावली घेऊन.
नियम सोपा आहे:
सैन्याने चालवलं ते सैन्याच्या हिशेबाने.
मुलकी आकाशात यायचं
तर पहिल्या रिव्हेटपासून पुन्हा ओळख द्यायची.

शस्त्रांच्या कड्या कापल्या? कापल्या.
भोकं बुजवली? बुजवली.
इंजिनाचे तास? वहीत आहेत,
फक्त एका डिसेंबरची तीन पानं
ब्लेडने, पट्टी लावून कापलेली.

बस्त्याव घोन्साल्विस, पार्ल्याच्या गावठाणातला,
पंखावर जुनं नाणं वाजवत चालला होता,
कान पत्र्याला लावून.
टक टक टक टक
टप.
"मॅडम, इथे कोणीतरी बसलंय."

रंग खरवडला. खाकीखाली पिवळा,
पिवळ्याखाली तळहाताएवढं ठिगळ.
बावीस रिव्हेट, एकही तिरका नाही.
मी अभिलेख कार्यालयाला पत्र टाकलं.
सात आठवड्यांनी उत्तर:
सदर दुरुस्तीची नोंद या कार्यालयात आढळून येत नाही.

ज्याची नोंद नाही ती दुरुस्ती नाही, तो दोष.
हे वाक्य मी स्वतः नव्या पोरांना शिकवते.
दुबाश म्हणाले, "अरे बाई, एटली वरस धरून ठेवला ने त्याने!"
मी म्हटलं, उघडा.

बस्त्यावने रिव्हेट एकेक ड्रिल केले,
दाताच्या डॉक्टरसारखं मधे थांबत, फुंकर मारत.
ठिगळ सुटलं. आतल्या अंगाला
शिसपेन्सिलीने लिहिलेलं,
जे कधीही करू नये,
कारण पेन्सिलीचं ग्राफाइट ॲल्युमिनियम खातं.
खाल्लं होतंच. म्हणून तर वाचता आलं.

*घाईत केलं आहे. उजेड नव्हता.
परत बघणे.
त. ना. गो.*

बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
हँगरच्या दाराशी एक घार
उंदीर की काय ते धरून बसली होती.
त. ना. गो. कोण, गोरे, गोसावी, गोळे,
आणि उजेड का नव्हता,
हे एकेचाळीस पानांत कुठेच विचारलेलं नाही.
मी अक्षरांची खोली मोजली.
मर्यादेच्या आत.

नवं ठिगळ बसलं, नोंदीसकट, दोन सह्यांसकट.
मग अटी.
भाड्याने प्रवासी नेऊ नये.
रात्री उडू नये. कसरती करू नयेत.
दाट वस्तीवरून जाऊ नये.
शेवटच्या अटीसाठी मुंबईचा नकाशा पसरला
आणि पेन्सिल वर्सोव्यापासून फिरवत आणली,
अंधेरी, खार, धारावी, पार माहीमपर्यंत.
टोक टेकवायला जागा नाही.
शेवटी पश्चिमेला, निळ्यात, एक आयत काढला.
इथे उडा म्हटलं. इथे माशांची वस्ती आहे,
ती नियमात येत नाही.

मार्चमध्ये, सकाळी सव्वासातला, ते उडालं.
दुबाश रडले, बस्त्यावने टोपी काढली.
मी फक्त डावा पंख बघत होते,
कामाची खोड.

ते परत उतरेपर्यंत बसून
काढलेल्या भागाला लाल चिठ्ठी बांधली.
वर्णन: ठिगळ, एक नग.
स्थिती: वापरास अयोग्य.
काढण्याचे कारण, या रकान्यापाशी
पेन जरा थांबलं.
मग लिहिलं:
नोंद नव्हती.

आणि रकान्याबाहेर, समासात,
जिथे तपासनिसाने काही लिहायचं नसतं:
काम चांगलं होतं. बघितलं.