शेपटाकडची बॅटरी

पुढे बुधाजीमामा, त्याच्यामागे पाहुणे,
आणि सगळ्यांच्या मागे मी.
माझं काम मोजायचं.
सड्यावर चढताना धा, पाणंदीत धा,
फुरशाच्या दगडापाशी थांबून परत धा.
मामा वळून न बघताच विचारतो,
"शेवंते, किती?"
"धा आसत."
मग रांग हलते.

चवथीचे पाहुणे गेले, आता हे बुकिंगचे.
गमबूट आम्हीच देतो,
आठ नंबरच्या पुढचे नाहीत,
म्हणून नाशिकचे एक साहेब बोटं दुमडून चालताहेत
आणि तक्रार करत नाहीत, कारण
मामाने अंगणातच सांगितलंय:
ज्याचा आवाज मोठा
त्याला जंगल पाठ दाखवतं.
हे वाक्य त्याला ट्रेनिंगमध्ये मिळालं.
त्याचं स्वतःचं वाक्य वेगळं,
"पायाखाली बघ. वर काय ता देव बघतलो."
ते तो पाहुण्यांना सांगत नाही.

वेंगुर्ल्याचा दिवा समुद्रावरून फिरतो.
आमच्या कातळावर पोचेपर्यंत
त्यात उजेड उरत नाही,
नुसता इशारा.

निळी बॅटरी मामा एकदाच काढतो.
दगडाच्या भेगेत धरतो, आणि काळा विंचू
एकदम हिरवा पेटतो,
जत्रेतल्या प्लास्टिकच्या बांगडीसारखा.
"आई गं," सगळे म्हणतात, हळू.
एक बाई विचारते, त्याला कळतं का
तो असा दिसतो ते?
मामा म्हणतो, "तुमका कळता?"
हसतात.
मी मोजतेय.

पुढच्यांना दिसतं ते ठरलेलं:
करवंदीच्या जाळीत चापडा,
गेले चार दिवस त्याच फांदीवर, तेच वेटोळं,
जणू तोही पगारावर.
मला दिसतं ते उरलेलं.
रांग पुढे गेली की दबलेलं गवत उठतं.
गप्प झालेला रातवा
तोडलेल्या जागेपासून पुन्हा सुरू करतो.
खेकडा एक पाय बाहेर काढून
अंदाज घेतो, गेले का.
मी त्याला गेलेली वाटते.

आज राईत, भेरलीमाडाच्या वळणावर,
बुटातला खडा काढायला वाकले
तर वारुळाकडून खरखर.
माझ्या बॅटरीला लाल जिलेटीन बांधलेलं.
त्या लालसर अंधारात
मागच्या दोन पायांवर उभा,
पुढचे हात पोटाशी धरून,
उधारी मागायला आलेल्या म्हाताऱ्यासारखा
संकोचलेला
खवल्या.
अंगावर खवले, नुकतीच शाकारलेली कौलं.
नाकाला वाळवीची ओली माती.
मामाला चाळीस वर्षांत तीनदा दिसलाय.
त्यातला एकदा पोत्यात.

पुढे धा माणसं, धा मोबाइल.
कुणी एक फोटो टाकेल,
कुणी दुसरा जागा विचारेल,
तिसरा कुणी विचारणारच नाही, सरळ येईल.
मी बॅटरी पोटाशी दाबली.
अंधारात तो वास घेत राहिला,
मी श्वास.

"शेवंते, किती?"

तोंडात अकरा आलं होतं.
"धा," मी म्हटलं.

"उशीर कित्याक?"
"बुटात खडो गेल्लो."
मामा वळला नाही. पण रांगही
लगेच हलली नाही.

परत आल्यावर चहा, फणसाचे गरे,
आणि पाहुण्यांची वही.
नाशिकच्या साहेबांनी बोटं चोळत लिहिलं:
मोठं काही दिसलं नाही. विंचू छान.
चहाही.

मी गमबूट उलटे करून ठेवत होते.
मामाने माझा बूट उचलला, झटकला.
खडा पडला नाही.
माती पडली, बारीक, लाल, चाळल्यासारखी,
वारुळाची असते तशी.
ती त्याने अंगठ्याने लादीवर पसरली, बघितली,
आणि पायाने पुसली.

"उद्यापासून वरच्या वाटेन जावया," म्हणाला.
"राय निसरडी झाली हा."

पाऊस जाऊन पाच दिवस झाले होते.
"होय," मी म्हटलं,
"मरणाची निसरडी."