कलतं घर

लग्न शनिवारी झालं. घर मंगळवारी आलं,
समुद्रावरून,
कारण उधाणाची भरती मंगळवारचीच होती.

घर पाहावं बांधून म्हणतात; आम्ही पाहिलं ओढून.
रोसामेलच्या आत्याचं, पल्याडच्या बेटावर
अकरा वर्षं कुलपात पडलेलं,
दोन मेंढ्या आणि सहा पोती बटाट्यांवर आमचं झालं.
जमीन मात्र इकडे, चिलोएच्या या काठाला,
माझ्या बापानं कुरणातून कातरून दिलेली.
म्हणजे मी माहेरीच राहिले.
सासरी आलं ते घर.

तिकडे बैलांनी त्याला ओंडक्यांवरून वाळूत उतरवलं,
कमरेला रिकामी पिंपं बांधली,
आणि पाणी चढलं तसं ते उचललं गेलं,
एखादी म्हातारी झगा सावरत
नको नको म्हणत पाण्यात शिरते तसं.
पुढे तीन बोटी. मागे धुकं.
मी किनाऱ्यावर रबरी बुटांत,
आणि माझ्या स्वयंपाकघराची खिडकी
लाटांवर वरखाली होत माझ्याकडे येत होती.
शेजारचा म्हातारा एल्युतेरियो ओरडला,
"एदिता, चहा ठेव गं, घर आलं!"
कशावर ठेवणार? चूल त्यातच होती.

रात्री उशिरा ते चढावर टेकलं.
अशा कामाची मजुरी इथे कुणी घेत नाही, जेवण घेतात.
साठ माणसं शिंपल्या आणि डुकराचं मांस खाऊन
सफरचंदाच्या दारूत गात गात पांगली,
आणि आम्ही दोघं आत शिरलो
टॉर्च घेऊन, चोरांसारखे.

फळ्यांवर शेवाळ. कोपऱ्यात एक खेकडा,
घरमालकाच्या तोऱ्यात.
कपाटात एकच कप, कान तुटलेला.
आणि दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा,
एकावर एक, माझ्या छातीशी येऊन थांबलेल्या.
आत्याला तर मूल नव्हतं.
"मी," रोसामेल म्हणाला. "सुट्टीत यायचो.
आई होती तोवर."
सात वर्षांच्या त्या पोराशी
लग्नात माझी कुणी ओळख करून दिली नव्हती.
मी शेवटच्या रेघेवर तळवा ठेवला.
ओल होती. समुद्राची असेल.

चार महिने झाले.
आत्याची सकाळची खिडकी आमच्याकडे येऊन पश्चिमेची झाली,
घराला ते अजून उमगलेलं नाही.
स्वयंपाकघरात उजाडता उजाडत नाही,
आणि संध्याकाळी पातेल्यांवर असा उजेड सांडतो
की बटाटे अर्धे सोलून
आम्ही नुसते बसून राहतो.

एक खांब रुतलाय, घर कललंय.
काही पडलं की घरंगळत त्याच एका अंगाला.
लसूण, बटण, त्याचे स्क्रू, एकदा माझी अंगठी.
हरवलं काही, की आधी तिकडे बघायचं.

परवा भांडलो. मिठावरून सुरू झालं,
माझ्या बापाच्या जमिनीपर्यंत गेलं.
पाठीला पाठ करून झोपलो,
मधे तिसरं माणूस मावेल एवढी जागा सोडून.
पहाटे जाग आली
तर दोघंही उताराच्या भिंतीशी,
त्याचं कोपर माझ्या बरगडीत.
राग तसाच होता.
जागा तेवढी उरली नव्हती.

रविवारी तो कुठून तरी जॅक घेऊन आला.
चिखलात आडवा पडून खांब मोजला,
पाणसळ लावली, पुन्हा मोजला.
"किती वर घेऊ?" खालून आवाज आला.
मी दारात, पिठाच्या हातांनी.
"आज राहू दे," म्हटलं, "पाऊस येतोय."

इथे पाऊस रोजच येतो.
तो गुडघे झटकत उठला, आभाळाकडे बघितल्यासारखं केलं,
आणि जॅक गुंडाळून ठेवून दिला.