बाण

दर रविवारी उजाडायच्या आत
खाली फाटकाशी गाड्यांची दारं वाजतात.
कुत्री आता भुंकत नाहीत,
त्यांना बिस्किटाचा वास आधी कळतो.

कुसुंबपाड्यात घरं एकवीस,
एक हापसा, एक वाघोबाचा दगड,
आणि मागे डोंगर.
डोंगरासाठी येतात सगळी.
वरून म्हणे दोन तलाव दिसतात, मुलुंडचे टॉवर,
हवा बरी असली तर खाडीसुद्धा.
मी वर गवताला जायची
तेव्हा गवत दिसायचं.

"मावशी, अजून किती लांब?"
चढणाऱ्याला मी "आलंच" म्हणते.
उतरणाऱ्याला काही विचारत नाही,
पोह्यांची बशी पुढे सरकवते.

दिवाळीनंतर कुणीतरी
पिवळ्या रंगाने वाटभर बाण काढले.
खडकांवर, सागाच्या बुंध्यांवर,
एक माझ्या धुण्याच्या दगडावर.
जान्या म्हणाला, रॉकेलने पुसू.
म्हटलं, राहू दे, रोज घासतोच आहोत.
साबणाच्या वड्या संपल्या,
बाण होता तसाच.

चैत्रात पडवीला फरशी घातली.
जान्याने दगड उचलून दाराशी टेकवला.
बाणाचं तोंड कुणीकडे झालं,
कोण बघतो?

त्या रविवारी मी भाकर थापत होते.
पाच जण घरात शिरले,
रांगेने, काठ्या टेकत,
कपाळावर दिवे पेटलेले.
पहिला थांबला.
त्याच्या दिव्यात माझी चूल,
दोरीवर नातवाची शाळेची पँट,
जर्मनचं पातेलं.
मागचे त्याच्यावर आदळले.
"इथून... वर जायला वाट?"
"धूर जातो," मी म्हटलं.

चौघे हसत बाहेर पडले.
पाचवा, पिकल्या मिशांचा,
बुटांच्या नाड्या सोडायला लागला.
सबनीस म्हणून होते, गिरगावातले.
छत्तीस वर्षं हा डोंगर चढतोय, म्हणाले,
आणि पुढे काही बोललेच नाहीत.
जवळ्याची चटणी दोनदा मागितली.
ऊन दारात येईपर्यंत
पाटावर बसून राहिले.

"वर काय आहे हो?" मीच विचारलं.
"तसं काही नाही," त्यांनी हात पुसले,
"वारा असतो."
आणि खालच्या खालीच परत गेले.

संध्याकाळी जान्याने दगड फिरवला.
आता बाण हापशाकडे बघतो.
बघू, येत्या रविवारी
किती जण हंडा उचलतात.