रेइलु

कुओपिओच्या बाजारचौकात, ऑगस्टमध्ये,
मी मटाराच्या शेंगा विकायचो. लिटरनं.
पत्र्याच्या मापात ओतायच्या,
शीग आली की थांबायचं,
आणि मग वर आणखी एक मूठ.
ही मूठ मला हिल्क्कानं शिकवली,
शेजारच्या ठेल्यावरच्या मासळीवालीनं.
"नुसतं लिटर कोण मागतं इथं?
रेइलु लिटर मागतात."

रेइलु म्हणजे सरळ, न्यायाचं.
रेइलु म्हणजेच कांकणभर जास्त.
दोन्ही एकाच शब्दात नांदतात, भांडत नाहीत.
मी हबकलो.
आमच्याकडे एकाला झुकतं माप दिलं
की दुसरा लगेच पदर झटकून उभा राहतो.

उलटा शब्द एपॅरेइलु.
तो दिवसातून वीसदा ऐकू यायचा.
आइसक्रीमचा गोळा फरशीवर पडलेला पोरगा: एपॅरेइलु!
हॉकीच्या पंचाला, टीव्हीसमोरून: एपॅरेइलु.
कॉफीवाली राउहा, पाय धरून:
डावाच गुडघा का? उजव्यानं काय
कमी पायऱ्या चढल्या?
आमची पोरं म्हणतात रडीचा डाव.
अन्याय हा शब्द आम्ही घडी घालून ठेवतो,
अर्जासाठी, मोर्चासाठी,
रोज नेसत नाही.

हिल्क्काही म्हणायची.
सीगलनं ताटातला मासा उचलला की
वर्तमानपत्राची गुंडाळी घेऊन त्याच्यामागं,
एपॅरेइलु, एपॅरेइलु,
सगळा चौक हसायचा.

बोटीबद्दल मात्र कधी नाही.

तिचा बाप आर्मास हिवाळ्यात गेला.
मागे बोट, जाळी, तळ्याकाठचं सौना.
भाऊ ताइस्तो एकतीस वर्षं स्वीडनमध्ये,
मोटारींच्या कारखान्यात.
नाताळला यायचा, चॉकलेटचा डबा घेऊन.
ही एकतीस वर्षं पहाटे तीनला तळ्यावर.
वकिलानं कागद दाखवला: अर्धं त्याला, अर्धं हिला.
दशांशाचीही चूक नव्हती.
त्याला त्याचं अर्धं रोख हवं होतं.
बोट वार्काउसच्या एका माणसानं नेली.
आता ती दुसऱ्यानं धरलेले मासे विकते.

एकदा मी विचारलं, शब्द उच्चारून.
तिनं काट्याची काच पुसली.
"अर्धं म्हणजे अर्धं," म्हणाली,
आणि पुसलेलीच काच पुन्हा पुसली.

शनिवारी तो आला. चांगला कोट.
मागे रांग होती.
"एक किलो मुइक्कू."
बोटभर चंदेरी मासे, ओंजळीनं टाकले तिनं.
काटा एकच्या पुढं गेला.
तिनं एक मासा काढला.
अजून पुढं.
आणखी एक काढला. आता थोडा मागं.
ताटलीत बोटं फिरवून फिरवून
एक लहानसा शोधला, ठेवला.
काटा एकवर उभा राहिला,
वर्गात उभं केलेल्या मुलासारखा.

रांगेतलं कुणी बोललं नाही.
तोही त्याच ठेल्यामागं वाढलेला,
त्याला हा हिशोब वाचता येत होता.
त्यानं नाणी मोजून दिली, बरोबर तेवढीच.
कागदाचं पुडकं हातात धरून
जरा उभा राहिला,
सुट्टे परत यायचे असल्यासारखा.

"पुढचं कोण?" हिल्क्का म्हणाली.
पुढच्या बाईला तिनं किलोवर चार मासे टाकले,
न बघता.

मग ताइस्तोच्या किलोतून काढलेले ते दोन,
फळीच्या कडेला वेगळे पडलेले,
उचलले
आणि सीगलला टाकले.