आवृत्ती ४.२ : किरकोळ दुरुस्त्या

नवीन काय :
फोटो आता पंधरा एमबीपर्यंत जातील,
म्हणजे भट्टीवरच्यांनी वितळल्या लोखंडाचा रंग
शब्दांत सांगायची गरज उरली नाही.
खरातमामा तरी सांगतातच,
"मोसंबीवाणी झालंय, जरा हिरवट हाये आजून."

ळ आता ळ दिसेल.
इतके दिवस त्याच्या जागी चौकोन यायचा.
सळई, गाळ, वेळ, काळजी,
सगळ्यांच्या पोटात एक रिकामं घर.
कुणी तक्रार केली नाही.
वाचणारे आपापल्या मनाने भरून घ्यायचे.

दुरुस्त केलेलं :
घड्याळ.

हे जरा सविस्तर लिहिते.
जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत
आमचा सर्व्हर म्हणजे वजनकाट्यामागच्या खोलीत
दोन विटांवर ठेवलेला एक संगणक.
ट्रक काट्यावर चढला की तोही हादरतो.
आणि काट्यावरचा दुसरा संगणक
दर वेळी लाइट गेली की थोडा मागे राहायचा.
राहता राहता चार मिनिटं मागे गेला.
संदेशावर वेळ लागायची ज्याच्या त्याच्या घड्याळाची,
म्हणून काट्यावरून आलेलं उत्तर
प्रश्नाच्या आधी जाऊन बसायचं.

गेट दोनचे ढोबळे खालून वर वाचायला शिकले होते.
काल दुरुस्ती केली, तर आज सकाळी दारात उभे,
"म्याडम, कामून उलटं केलं सगळं?"

चूक शोधायला मागचे लॉग उघडले.
उघडायला नको होते, पण चूक तिथंच होती.
दोन वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ, चार सेहेचाळीस :
कुणीतरी विचारलंय, चहा येणार का.
त्याखाली काट्यावरून सिकंदर तांबोळी :
"येणार म्हणजे काय, येणारच!"
चार पन्नास, नरसिंग अंभोरे :
"रविवारी मपल्या लेकीचं लगीन. येतूस ना?"
त्याखाली सिकंदर :
"नको. आता वेळ नाही."
चार त्रेपन्न, पुन्हा नरसिंग :
"आणखी एक गाडी आली, पाठवू का काट्यावर?"
त्याखाली काहीच नाही.

मी चार मिनिटं सरकवली.
येणारच चहाखालून उठलं
आणि लग्नाखाली जाऊन बसलं.
नको खाली उतरलं, गाडीपाशी.

सिकंदर गेला होता त्या लग्नाला.
स्टीलची घागर घेऊन, मुलाला नवा शर्ट घालून.
नरसिंगने पाहिलं आणि वाढप्यांकडे वळला.
न जेवता परत आले दोघं.
हे साऱ्या वसाहतीला ठाऊक आहे,
कारण कुणालाच ठाऊक नव्हतं.
तेव्हापासून पावती खिडकीतून सरकते,
सही होते, मान वर होत नाही.

आता मी काय लिहू?
दुसऱ्याचं वाचलं, हे कबूल करू?
की दोघांना कँटीनमध्ये बसवून सांगू,
गड्यांनो, तुमचं भांडण म्हणजे
बदलायची राहून गेलेली एक बॅटरी,
पंचवीस रुपयांची?
यादीत मी एवढंच टाकलं :
"जुन्या संदेशांचा क्रम सुधारला आहे.
वाटल्यास मागे जाऊन वाचावेत."

मागे जाऊन कोण वाचतं?
ढोबळे सोडून कुणी नाही.

रात्री पावणेदोन.
भट्टीचा उजेड खिडकीच्या जाळीतून भिंतीवर.
पडद्यावर नरसिंग अंभोरे यांच्या नावापुढं
लिहीत आहे
असं आलं. गेलं.
पुन्हा आलं.

ज्ञात अडचणी :
या आवृत्तीत कधीकधी
कुणी लिहीत नसतानाही
"लिहीत आहे" दिसतं.
कारण सापडलेलं नाही.
पुढच्या आवृत्तीत पाहू.
आज रात्री हात लावत नाही.